फुलीचा रुपया

नाणं हातात आलं की ते आधी डोळे मिटायचे.

“थांबा. बोलू नका. आधी कड.”

उजव्या हाताचा अंगठा नाण्याच्या कडेवरून सावकाश एक पूर्ण फेरा घ्यायचा. समोर शेतकरी असो, सोनार असो की तहसीलदार, फेरा पूर्ण होईपर्यंत त्याने गप्प बसायचं. मग डोळे उघडायचे आणि दोहोंपैकी एक निकाल यायचा. “साचा,” म्हणाले तर नाणं यंत्रावरचं, ते परत. “हातचा घाव,” म्हणाले तर चहा होईपर्यंत त्यांचा त्या घरी मुक्काम.

मेहकरच्या गुरांच्या दवाखान्याचे ते डॉक्टर. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि सरकारी नोकरांच्या बदल्या नागपूरहून होत. तिकडूनच ते आले होते. गावात माणसांचे डॉक्टर वेगळे असल्यामुळे यांना सगळे ‘ढोराचे डाक्टर’ म्हणत. त्यांची हरकत नसे. “ढोरं आपल्या दुखण्याबद्दल खोटं बोलत नाहीत, एवढा फायदा,” ते म्हणत.

मी समोरच्या घरात राहत होतो आणि एका साप्ताहिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत होतो. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसून त्यांना लढाईच्या बातम्या वाचून दाखवायच्या, हा आमचा परिपाठ. तुम्हीही अशा एखाद्या शेजाऱ्याला वर्षानुवर्षं पाहिलं असेल. पाहणं आणि ओळखणं यांत किती अंतर असतं, ते तुम्हाला सांगायला नको.

त्या डोळे मिटण्याची गल्लीत थट्टा चाले. एकदा हॉटेलात जिनिंगच्या मुकादमाने त्यांच्या हातात काहीतरी ठेवलं.

“घ्या डाक्टरसाहेब. बऱ्हानपुरी माल हाय. वावरात सापडला.”

डॉक्टरांनी डोळे मिटले. अंगठा फिरला.

“कापसाच्या गाठीची लोखंडी पट्टी आहे. छिन्नीने तोडलेली. आणि तोडणारा डावरा आहे.”

मुकादम डावरा होता. हॉटेल हसलं. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, “पाय बे, डोये झाकून तुयी चोरी धरली!”

त्यांना हवं असायचं ते नाणं मुळात आपल्याकडचं नव्हतंच. स्पेनच्या राजाच्या अमेरिकेतल्या टांकसाळीत ते पडलेलं असे. चांदीची कांब ओतायची, तिचे तुकडे पाडायचे, वजन जास्त भरलं तर कातरीने कड छाटायची आणि तुकडा दोन ठशांमध्ये धरून वर हातोडा घालायचा. असं नाणं गोल नसतं. दोन नाणी एकसारखी नसतात. एका बाजूला मोठा क्रूस आणि त्याच्या चार कोपऱ्यांत सिंह आणि किल्ले, अशी मूळ योजना. पण घाव तिरपा बसला की सिंहाचं शेपूट तेवढं उमटतं आणि किल्ला बाहेर राहतो.

ही चांदी जहाजांतून सुरतेला येई आणि तिथून बऱ्हाणपूरला. बहुतेक सगळी वितळली, तिचे बादशाही रुपये झाले. थोडी नाणी तशीच राहिली आणि रोहिणखेडच्या वाटेने घाट चढून आपल्याकडे आली, असा डॉक्टरांचा अंदाज होता. त्यांना पहिलं नाणं रोहिणखेडलाच मिळालं होतं, एका म्हशीच्या खुरातला काटा काढताना. लोकांनी मात्र स्पेनच्या राजाची वाट न पाहता त्याला केव्हाच नाव देऊन टाकलं होतं. फुलीचा रुपया.

नाणी ते औषधांच्या पेटीत ठेवत. पेटी लाकडी होती, बाटल्यांसाठी तिला खण होते. वरच्या ओळीतल्या बाटल्या काढून त्यांनी फडताळात ठेवल्या होत्या आणि त्या खणांत, कापसात गुंडाळून, नाणी. सगळ्या नाण्यांना फिनाइलचा वास येई.

त्यांच्या पत्नीला आम्ही वहिनी म्हणत असू. वहिनींच्या घरी चांदीची वाटी नव्हती आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती. पण हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना त्या एक वाक्य हमखास ऐकवत. “आमच्या यांना गळा दिसत नाही, गळ्यातलं तेवढं दिसतं.” बायका पदर तोंडाला लावून हसत. ओसरीवर डॉक्टर हसत. मीही हसे. ते वाक्य इथे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे त्या घरात ते कोणीही उच्चारलं नाही.

दौऱ्यावर ते सायकलने जात, मागे पेटी बांधून. घटसर्पाची लस टोचायची, खुरकतीचे पाय धुवायचे, आणि निघताना विचारायचं, “घरात जुना रुपया आहे का? फुलीचा?” लढाईमुळे चांदीचा भाव चढला होता. सरकार चांदी जमा करून राह्यलं, अशी आवई खेड्यांतून उठलेली होती. सरकारी टोपीतल्या माणसाला खरं उत्तर कोण देणार?

एका म्हातारीने तर हात झटकले. “कायचा रुपया बाप्पा! मडके हायेत घरात. घेऊन जाता?”

“मडकं हातचंच असतं, आजी. दाखवा.”

डॉक्टर खरोखरच खाली बसले, डोळे मिटले आणि मडक्याच्या काठावरून अंगठा फिरवू लागले. म्हातारी हसून हसून भिंतीला टेकली. मग कणगीत कोपरापर्यंत हात घालून तिने फुलीचा रुपया काढला.

“पूजेतला नाही ना?”

“पूजेतला कायले? बुढ्याच्या करदोड्यात व्हता. ना बुढा राह्यला, ना करदोडा.”

चांदीच्या वजनाला चांदी आणि वर एक रुपया, असा त्यांचा भाव होता. आणि नियम एकच होता: पूजेतलं घ्यायचं नाही. देवघरातलं नाणं कोणी आपण होऊन दिलं तरी ते हात जोडून परत करत. बाकी सगळं त्यांच्या मते सोनाराच्याच वाटेवर होतं.

“मुशीत जाण्यापेक्षा माझ्याकडे बरं,” ते म्हणत. ते खोटं नव्हतं. त्या दिवसांत आमच्या सोनाराच्या मुशीत पाटल्या, वाळे, हसळ्या रोज वितळत होत्या. डॉक्टर त्याच्या दुकानावरून जाताना भट्टीकडे अशा नजरेने पाहत की वाटावं आत त्यांचं कोणी नात्यातलं आहे.

माघ महिन्यात चिखलीच्या वाटेवरच्या एका खेड्यातून बोलावणं आलं. तुळशीराम नावाच्या शेतकऱ्याचा बैल दावं तोडून हरभऱ्यात शिरला होता आणि पोट फुगून आडवा झाला होता. त्या बाजूला गुरांची साथ आहे असं मी ऐकलं होतं, म्हणून मीही बरोबर गेलो.

बैलाची डावी कूस डफासारखी ताणली होती. तेल पाजून झालं होतं. डॉक्टर गुडघ्यांवर बसले, डोळे मिटले, आणि अंगठ्याने बरगडीमागची जागा चाचपली. हो, बैलही ते डोळे मिटूनच तपासत. मग पेटीतली पोकळ सळई काढून त्यांनी एका दणक्यात कुशीत घातली. भस्सकन वारा सुटला. जमलेली पोरं नाक धरून पळाली. थोड्या वेळाने बैलाने कान हलवले, आणि तुळशीरामने पटक्याने तोंड पुसलं.

“काय देऊ सायेब?”

“मला सरकार देतं. जुना रुपया असेल घरात तर दाखवा. फुलीचा.”

तुळशीरामने दाराकडे पाहिलं. दाराआड त्याची बायको उभी होती. आम्हाला दिसत होता तो लुगड्याचा काठ आणि चौकटीवर ठेवलेला हात.

“हाय एक.”

“पूजेतला नको.”

“पूजेतला नाही. गयातला हाय.”

ही दोन वाक्यं मी स्वतः ऐकली. प्रश्न सरळ होता आणि उत्तर खरं होतं.

तुळशीराम दारापाशी गेला आणि हळूच म्हणाला, “दे.” आत काहीच हालचाल झाली नाही. तो पुन्हा काहीतरी पुटपुटला. मग दाराआडून हात पुढे आला. तळव्यावर नाणं होतं, काळ्या दोऱ्यासकट. दोरा सोडलेला नव्हता, तोडलेला होता.

डॉक्टरांनी ते पाहिलं नसावं. त्यांनी डोळे मिटले होते.

अंगठा फिरला. एका जागी थांबला, पुन्हा फिरला.

“हातचा घाव,” ते म्हणाले. डोळे उघडून त्यांनी नाणं उन्हात धरलं. पूर्ण क्रूस उमटला होता. दोन्ही सिंह, दोन्ही किल्ले. असं नाणं त्यांनी आजवर चित्रातच पाहिलं होतं. वर चांदीची लहानशी कडी डागलेली होती आणि क्रूसाच्या खाचा पिवळ्या झालेल्या होत्या. बदल्यात काही घ्यायला तुळशीराम तयार होईना. “तुमी मले बैल देल्ला,” तो म्हणत राहिला. परत येताना डॉक्टर सायकलवर शीळ घालत होते.

त्याच संध्याकाळी ओसरीवर बसून त्यांनी नाणं साफ केलं. काडीला कापूस गुंडाळायचा, स्पिरिटमध्ये बुडवायचा, खाचेतून फिरवायचा.

“हळद आहे,” मी म्हणालो.

“गळ्यात असतं ना, लागतेच,” ते म्हणाले.

पिवळ्या बोळ्यांचा लहानसा ढीग झाला. पूजेतलं नको म्हणणारा माणूस दिव्याजवळ बसून एका घराची हळद पुसत होता. वहिनी दिव्यात तेल घालून गेल्या. जाताना त्यांनी बोळ्यांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सोनाराकडे.

“कान कापू काय, साहेब?”

“कान?”

“या कडीले आमी कान म्हनतो. राहू द्या ना. कोन्या बाईच्या गयातला दिसते.”

“आता गळ्यातून निघाला. नाण्याला कान नसतो.”

सोनाराने कानस चालवली आणि जागा घासून चकचकीत केली. नाणं पेटीच्या पहिल्या खणात गेलं. महिनाभर ओसरीवर येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवलं गेलं.

वैशाखात एका दुपारी मी त्यांच्या ओसरीवर होतो. समोरच्या कडुनिंबाखाली एक माणूस पाठमोरा येऊन उभा राहिला. त्याच्याबरोबर आलेली बाई एकटीच पायऱ्या चढली आणि आत वहिनींपाशी गेली. तिने वहिनींना सांगितलं, पण आवाज ओसरीवर पोचेल एवढा ठेवला.

“बाई, सायबाले म्हना, पोरीची हयद हाय परवा. तिची माय पाह्यजे.”

डॉक्टरांना काही उमगलं नाही. “कोणाची आई? कुठे आहे?”

वहिनींना उमगलं. त्या उंबऱ्यावर बसल्या.

दुसरेपणाची बायको गळ्यात सवतीचा टाक घालते, ही चाल आपल्याकडे जुनी आहे. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली ती लहानशी बाई, म्हणजे घरातून गेलेली पहिली. तुळशीरामच्या घरी टाक घडवला गेला नव्हता. पहिलीच्या गळ्यात हा फुलीचा रुपया असे. ती गेली तेव्हा मुलगी रांगत होती. दुसरी आली, आणि पहिलीचा रुपयाच तिच्या गळ्यात पडला. त्याला रोज अंघोळीनंतर हळद लागायची. सणाचा पहिला घास त्याला दाखवला जायचा. पोरीचं नाक टोचलं तेही त्याला विचारून. तो देवघरात कधीच नव्हता, म्हणून तुळशीरामच्या लेखी तो पूजेतला नव्हता. आता पोरीचं लग्न होतं. आधी आईला हळद, मग पोरीला.

हे सगळं त्या बाईने तुटक तुटक सांगितलं, वहिनींकडे पाहत. तिचं नाव गिरजा. डॉक्टर आत गेले, पेटी घेऊन आले, आणि पहिल्या खणातलं नाणं तिच्या तळव्यावर ठेवलं. पांढऱ्या कापसासकट.

तिने कापूस बाजूला केला.

“हे नोय.”

“हेच आहे, बाई.”

“नोय सायेब. तिले कान व्हता.”

“मी काढला.”

“तिले हयद व्हती.”

“मी काढली.”

तिने काही विचारलेलं नव्हतं. उत्तरं मात्र त्यांनी दिली, एकेक करून, शाळेत उभं केलेल्या मुलासारखी.

गिरजाने नाणं मुठीत घेतलं आणि डोळे मिटले. तिचा अंगठा कडेवरून फिरू लागला. अर्ध्या वाटेवर, कातरीचा घाव तिरपा गेला होता त्या खाचेशी, अंगठा थांबला.

“हाव,” ती म्हणाली. “हेच हाय. इथं तुटकं हाय ना. झोपताना माहा अंगठा इथंच राहे.”

डॉक्टर खाली बसले. त्यांनी विचारलं. रागाने नाही, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“तुम्ही तेव्हा का नाही बोललात?”

“मले कोनं इचारलं?” ती पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहून म्हणाली. “तुमी तं डोये झाकून बसले व्हते.”

वहिनी भिंतीकडे पाहत होत्या. डॉक्टरांची मान, कानांपासून सदऱ्याच्या गळपट्टीपर्यंत, लाल झाली होती. ते एकदम उठले आणि चपला शोधू लागले.

“सोनार इथेच आहे. आत्ता कडी बसवून आणतो. अर्ध्या तासाचं काम आहे.”

“डाग द्यायले आगीत घालन ना तो?”

“थोडी आच लागते. नाण्याला काही होत नाही.”

गिरजाने मूठ छातीशी धरली.

“नाही सायेब. एकदा देल्लं तिले आगीत. आता नाही.”

चप्पल हातात तशीच धरून ते उभे राहिले.

गिरजाने वहिनींकडे काळा दोरा मागितला. वहिनींनी शिवणाच्या डब्यातली रीळ दिली. पुडक्याला सुतळी बांधतात तसा तिने नाण्याला दोरा गुंडाळला, आडवा आणि उभा. क्रूसावर दोऱ्याची फुली पडली. गाठ मारून तिने ते गळ्यात घातलं. वहिनी करंडा घेऊन आल्या. त्यांनी आधी नाण्याला हळदकुंकू लावलं, मग गिरजाला.

“हयदीले या दोघंबी,” पायरी उतरताना गिरजा म्हणाली. “बैल चांगला हाय. वखर ओढून राह्यला.”

डॉक्टर तिच्या मागोमाग कडुनिंबापर्यंत गेले. तुळशीराम तिथेच होता, झाडाची साल नखाने काढत.

“मी तिले म्हनलं व्हतं सायेब, नवा टाक घडवतो. घडवनं झालं नाही.”

“तुम्ही निदान म्हणालात,” डॉक्टर म्हणाले. “मी काहीच म्हणालो नाही.”

दोघं एकमेकांकडे न पाहता उभे राहिले, आणि गिरजा वाट चालू लागली तसा तुळशीराम तिच्या मागे गेला. एरवी आपल्याकडे नवरा पुढे चालतो.

हळदीला वहिनी एकट्या गेल्या, बैलांची दमणी भाड्याने करून. डॉक्टर सायकल काढून त्याच वाटेला लागलेले मी पाहिले होते. ते मांडवात आले नाहीत, असं वहिनींनी सांगितलं. तुळशीरामच्या वावरातल्या विहिरीपाशी एक सायकलवाला बराच वेळ उभा होता आणि वाजंत्री सुरू झाल्यावर मागे फिरला, एवढं पोरांनी पाहिलं.

त्यानंतर त्यांनी पेटी उलटी फिरवायला सुरुवात केली. ज्या घरून नाणं आणलं त्या घरी जायचं आणि म्हणायचं, “बाईंना बोलवा.” पुरुषांना ते रुचत नसे. “मी हावो ना घरात,” एक जण छाती काढून म्हणाला. “तुम्ही मागच्या वेळीही होतात,” डॉक्टर म्हणाले. सरकारने चांदी परत द्यायला काढली म्हणजे लढाई संपली, अशी नवी आवई त्या बाजूला उठली. मला ती खोडून काढणारं चार ओळींचं पत्र छापावं लागलं.

सगळ्यांनाच नाणी हवी होती असं नाही. एका सुनेने दारातूनच हात जोडले. “सासूचा व्हता तो. गेला तवा दिवा लावला म्या. आता परत कायले आनता वो!” मडकेवाली म्हातारी म्हणाली, “ठेव तुलेच. मले मडकं बरं.” एका घरी बाईच राहिली नव्हती. नवऱ्याने नाणं घेतलं, मुठीत धरलं, आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी डॉक्टर जेवले नाहीत.

खण एकेक करून रिकामे झाले. फडताळातल्या बाटल्या पुन्हा पेटीत आल्या. जी नाणी कोणाचीच म्हणून उरली, ती त्यांनी नागपूरच्या एका जाणकाराकडे पाठवून दिली. बैल तपासताना ते आता डोळे उघडे ठेवत, आणि मालकाला बाजूला करून विचारत, “याला वैरण कोण टाकतं? त्यांना बोलवा.” दाराआडून बायका येत, आधी बिचकत, मग भडाभडा सांगत. हॉटेलात कोणी काही हातावर ठेवायला आलं तर ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरत. मुकादमानेही थट्टा सोडून दिली. गल्लीत कोणी या प्रकाराबद्दल मोठ्याने बोललं नाही. बोलायचं तर प्रत्येकाला आपापल्या घराच्या दाराआड पाहावं लागलं असतं.

लढाई संपायच्या आत त्यांची बदली झाली. मोटार स्टँडवर आम्ही पाचसात जण पोचवायला गेलो. वहिनी आत बसल्या, सामान टपावर चढलं, आणि तेवढ्यात एक तरुण शेतकरी धापा टाकत आला.

“डाक्टरसाहेब! थांबा वो! फुलीचा हाय!”

त्याने तळवा उघडला. नाण्यावर ओली माती होती. कड वेडीवाकडी होती. माझ्यासारख्यालाही दिसावी एवढी. आम्ही सगळे डॉक्टरांकडे पाहू लागलो.

डॉक्टरांचे दोन्ही हात पाठीमागे गेले.

“घरात विचारलं?”

“घरात कायले? नांगराखाली निंघाला. मातीतला हाय. कोनाचा नाही.”

“कोणाचा तरी असेल.”

“असंन तं मेला असंन तो! हातात घेऊन तं पाहा!”

“घरी न्या,” डॉक्टर म्हणाले. “आईला दाखवा. बायकोला दाखवा. मग त्या म्हणतील तसं.”

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. मोटार गेल्यावर तो तरुण माझ्याकडे वळला. “काऊन नाही घेतला हो त्यायनं?” पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याने तो रुपया आमच्याच सोनाराला विकला. सोनाराने मला बोलावून दाखवला आणि विचारलं, डॉक्टरांचा नवा पत्ता आहे काय. माझ्याकडे नव्हता. रुपया मुशीत गेला.

भोंगा वाजेपर्यंत डॉक्टरांनी हात पाठीमागेच धरून ठेवले होते. मी त्यांच्या मागे उभा होतो, म्हणून मला दिसलं. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या टोकावरून सावकाश फिरत होता. एक फेरा पूर्ण झाला. अंगठा थांबला, आणि पुन्हा पहिल्यापासून फिरू लागला.